बीटलची मागची बाजू बसली असेल तर आधी शॉक नव्हे, टॉर्शन बार पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1966 ची फोक्सवॅगन बीटल 1300, उजव्या स्टिअरिंगची. मागची उजवी बाजू डोळ्यांना दिसेल इतकी खाली बसली आहे, टायर आतल्या कडेने झिजतोय आणि गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते. मेकॅनिकने दोन उपाय सुचवलेत: मागे जास्त कडक गॅस शॉक, किंवा ज्यांच्या अंगावर कॉइल स्प्रिंग असते तसे शॉक. उंची मूळ जागी आणून गाडी नीट चालावी, अशी मालकाची इच्छा आहे.

सरळ उत्तर देतो. डोलणं हा शॉकचा दोष आहे, बसणं हा शॉकचा दोष नाही. बीटलचं वजन शॉक उचलतच नाही, ते टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, उचलतो. नवा हायड्रॉलिक शॉक हातात उभा धरून दाबा, दांडा सावकाश आत जातो आणि तिथेच राहतो. असली वस्तू चाकावरचं सव्वादोनशे किलोचं वजन कुठून उचलणार? कमी दाबाच्या गॅस शॉकचा दांडा आपोआप बाहेर येतो खरा, पण त्याचा जोर जेमतेम पाच-सात किलोचा असतो. जास्त दाबाच्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकचा जोर वीस-तीस किलोपर्यंत जातो, त्यामुळे गाडी किंचित उचलल्यासारखी दिसते. पण बसलेला बार बसलेलाच राहतो आणि वर मागची बाजू दगडासारखी कडक होते.

कॉइल लावलेले शॉक तर या गाडीत नकोतच. बीटलच्या मागच्या शॉकचं वरचं टोक टॉर्शन हाउसिंगपासून (टॉर्शन बार ज्या आडव्या नळीत असतात तिच्यापासून) निघालेल्या आर्मला बोल्टने धरलेलं असतं. हा आर्म हिसके सोसण्यापुरता बनवलेला आहे, गाडीचं वजन कायम पेलण्यासाठी नाही. कॉइल बसवली की तेच वजन त्या एका बोल्टवर आणि वेल्डवर येतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिथे आधी तडा जातो, मग आर्म वाकतो. पन्नास-साठ वर्षं गंज खाल्लेल्या चासीवर हा धोका घ्यायचं काहीच कारण नाही.

या गाडीत उंची इतकी महत्त्वाची का

1966 च्या बीटलला मागे स्विंग ॲक्सल आहे. चाक ॲक्सल ट्यूबला पक्कं जोडलेलं असतं आणि ती ट्यूब गिअरबॉक्सच्या बाजूला मुडपते. म्हणजे चाक वर-खाली झालं की त्याचा कलही बदलतो. गाडी बसली की चाकं वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड झिजते. गाडी गरजेपेक्षा उचलली तर उलट होतं. चाकं खालून आत जातात, आणि वेगात वळताना बाहेरचं चाक गाडीखाली दुमडल्यासारखं होऊन मागची बाजू अचानक घसरते. त्यामुळे गतिरोधक लागतात म्हणून मागून दोन इंच उचलून घेणं ही सोय नाही, तो धोका आहे. रिकाम्या गाडीची मागची चाकं वरून किंचित बाहेर कललेली दिसावीत, मागे माणसं बसल्यावर ती जवळपास सरळ व्हावीत. मूळ रचना तशीच आहे.

आता उजवीच बाजू का बसली? इंजिन मागे असल्याने रिकाम्या गाडीचं साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते, आणि आपल्याकडे चालवणाराही उजवीकडेच बसतो. गाडी बहुतेक वेळा एकट्याने चालवली गेली असेल तर उजव्या बारने आयुष्यभर जास्त पीळ सोसलेला असतो. जुन्या पोलादाचा कडकपणा कमी होत नाही, त्याला कायमचा थोडा पीळ बसतो. हे ध्यानात घेतलं की उपाय उघड होतो. बार तुटलेला किंवा गंजाने खड्डे पडलेला नसेल तर नवा घ्यायची गरज नाही. तो टोकांवरच्या दात्यांवर फिरवून पुन्हा मूळ कोनात बसवायचा.

आधी मोजणी, मगच पाना

चारही टायर एकाच मापाचे आहेत का ते पाहा. मूळ 5.60-15, आता बहुतेकांकडे 165 आर 15 किंवा 155 आर 15 रेडियल असतात. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं माप असेल तर पुढचं सगळं मोजणं फुकट. हवा पुढे 16 ते 18, मागे 24 ते 27 पीएसआय. पुढे-मागे सारखी 30 भरायची सवय या गाडीला अजिबात चालत नाही. पेट्रोलची टाकी पुढे आहे आणि भरली की साधारण 30 किलो वजन वाढतं, म्हणून कामाआधी आणि कामानंतर टाकी सारखीच ठेवा; अर्धी बरी. पुढच्या डिकीतलं स्पेअर चाक जागेवर असू द्या.

मडगार्डच्या कडेपासून मोजू नका. इतक्या जुन्या गाडीचं मडगार्ड कधी ठोकलेलं, कधी बदललेलं असतं, आणि दोन्ही बाजूंत सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. सपाट फरशीवर दोन मापं घ्या: मागच्या चाकाच्या मध्यापासून फरशीपर्यंत, आणि टॉर्शन बारच्या टोकावरच्या झाकणाच्या मध्यापासून फरशीपर्यंत. एकातून दुसरं वजा केलं की टायरचा परिणाम निघून जातो आणि बार खरोखर किती बसलाय ते कळतं. दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा.

यात एक गोष्ट नेहमी राहून जाते. जॅकवरून उतरवल्यावर स्विंग ॲक्सलची चाकं आत दुमडलेली राहतात, टायर फरशीला चिकटून बसतो आणि गाडी खोटी उंच दिसते. पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकलून, मागचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडल्यावरच माप घ्या.

मागून दिसणारा कल कधी कधी पुढून आलेला असतो. पुढचा डावा कोपरा नको तितका उचललेला असेल तर मागचा उजवा कोपरा दबलेला दिसू शकतो. तपास सोपा आहे. पुढच्या बीमच्या (पुढच्या चाकांमधल्या आडव्या नळ्यांच्या) बरोबर मधोमध लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा आणि पुढची चाकं जेमतेम अधांतरी करा. आता गाडी पुढे एकाच बिंदूवर टेकली आहे, पुढचा दोष मागे पोचत नाही. तरीही मागची उजवी बाजू खालीच असेल तर दोष मागेच आहे. कल नाहीसा झाला तर पुढे पाहायचं.

टॉर्शन बारला हात लावण्याआधी त्याची रबरं बघा. स्प्रिंग प्लेटच्या (बारचं टोक ॲक्सलला जोडणाऱ्या पोलादी पट्टीच्या) मुळाशी आत एक आणि बाहेर एक असे दोन जाड रबरी बुश असतात. ते चुरले की प्लेट खाली सरकते आणि काही मिलिमीटर उंची तिथेच जाते. झाकणाच्या कडेने रबर बाहेर ओघळलेलं दिसलं तर समजा बुश गेले. हाउसिंगचा गंजही इथेच तपासा. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात राहिलेल्या गाडीत झाकणामागे ओल आणि मीठ साचून हाउसिंगचं तोंडच खाल्लेलं सापडू शकतं. टोचणीने टोचून पाहा. पत्र्यात भोक पडलं तर आधी वेल्डिंग करून घ्या, मग बाकीचं.

काय मागवायचं

भारतात या गाडीचे पार्ट बहुतेक वेळा बाहेरूनच येतात, म्हणून एकदाच नीट यादी करा: मागचे दोन शॉक, पुढचे दोन शॉक, स्प्रिंग प्लेटचे आतले दोन आणि बाहेरचे दोन रबरी बुश, झाकणांचे आठ बोल्ट, शॉकचे बोल्ट-नट. ऑर्डर देताना स्विंग ॲक्सल असं स्पष्ट लिहा. नंतरच्या बीटलमध्ये मागे वेगळी रचना आली, तिचे शॉक आणि बुश इथे बसत नाहीत. पुढेही तसंच. ऑगस्ट 1965 पासून, म्हणजे 1966 च्या मॉडेलपासून पुढे बॉल जॉइंट आले आणि शॉकच्या वरच्या टोकाला दांडा व नट असतो. त्याआधीच्या किंगपिनवाल्या गाडीच्या शॉकला दोन्ही टोकांना गोल कडी असते. फोटो पाहून मागवणाऱ्यांची चूक इथेच होते.

शॉक कुठला घ्यावा? या हलक्या गाडीला साधा ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) तेलाचा किंवा कमी दाबाच्या गॅसचा शॉक सगळ्यात चांगला. मूळ गाडीला बोगे आणि झाक्स यांचे शॉक येत, आणि तसलाच मऊ-घट्टपणा शोधायचा. मोनोट्यूब शॉक वाईट वस्तू नाही, पण बीटलच्या पुढच्या हलक्या बाजूला तो फार कडक पडतो. खड्ड्यात चाक खाली जाण्याऐवजी गाडीच उसळते.

बुश रबराचेच घ्या. युरेथेन टिकतं, पण ग्रीस संपलं की करकरतं, आणि रबरासारखं पिळलं जात नसल्याने प्लेटची हालचाल अडखळते.

मागचं काम

गंजलेल्या प्रत्येक बोल्टवर आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग तेल सोडा. त्यातही झाकणाचे चार बोल्ट महत्त्वाचे. एखादा मोडला तर ड्रिल करून टॅप मारण्यात दिवस जातो.

पहिलं काम खुणेचं. स्प्रिंग प्लेट आणि ॲक्सल ट्यूबची फ्लँज जिथे एकमेकींना चिकटतात तिथे बारीक छिन्नीने दोन्हींवर आरपार एक रेघ मारा. प्लेटची भोकं लांबट असतात आणि ॲक्सल त्यात पुढे-मागे सरकतो, मागच्या चाकाचा टो-इन (चाक पुढून किती आत वळलेलं आहे ते) तिथेच ठरतो. खडूची किंवा मार्करची खूण तेल लागताच पुसली जाते, म्हणून छिन्नीच. ही रेघ हरवली तर घरी टो परत आणता येत नाही.

मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, मागून गाडी उचला आणि घोड्या (जॅक स्टँड) टॉर्शन ट्यूबखाली, म्हणजे टॉर्शन हाउसिंगखाली लावा, ॲक्सल ट्यूबखाली नव्हे. इंजिन काढलेलं नसावं. ते वजन मागे असेल तर पुढच्या पायरीत गाडी घोडीवरून उचलली जात नाही. चाक काढा. हँडब्रेकची केबल आत लिव्हरजवळ सैल करा. ॲक्सलखाली छोटा जॅक लावून शॉकचा खालचा बोल्ट काढा, आणि जुना शॉक टाकायचाच आहे तर वरचाही. दोन्हींना 19 चा पाना लागतो. आता स्प्रिंग प्लेट आणि ॲक्सलमधले बोल्ट काढून ॲक्सल ट्यूब मागे सरकवा आणि ठोकळ्यावर टेकवून ठेवा. ती लोंबकळू देऊ नका. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि गिअरबॉक्सजवळचं ॲक्सलचं रबरी बूट फाटतं. तो पाइप पाच-सात वर्षांहून जुना असेल तर याच वेळी बदला.

झाकणाचे चार बोल्ट काढून झाकण आणि बाहेरचा बुश बाहेर काढा. आता स्प्रिंग प्लेट उघडी दिसते, हाउसिंगच्या खालच्या ओठावर टेकलेली. तिच्यात अजून भरपूर ताण आहे. या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. ओठावरून निसटलेली प्लेट पाय मोडू शकते, म्हणून तोंड, हात किंवा गुडघा तिच्या खाली वा समोर आणू नका. प्लेटच्या मागच्या टोकाखाली ट्रॉली जॅक लावा. जॅकच्या सांगाड्यापासून शॉकच्या वरच्या आर्मपर्यंत जाड साखळी ताणून बांधा, म्हणजे जॅक प्लेट उचलतो पण गाडी उचलली जात नाही आणि जॅकही सरकत नाही. प्लेट ओठापासून दोन-तीन मिलिमीटर वर आली की पहार घालून तिला बाहेरच्या दिशेला ओढा आणि जॅक अगदी हळू सोडा. ओठ पार झाल्यावर प्लेट ताण संपेपर्यंत खाली येते आणि थांबते.

आता कोन मोजा. डिजिटल अँगल गेज हजार-दीड हजारात मिळतं, तेच वापरा. बुडबुड्याच्या कोनमापकावर अर्धा अंश वाचता येत नाही. आधी गेज दाराच्या उंबऱ्यावर ठेवा, म्हणजे घोड्यांवर गाडी किती कललेली आहे ते कळतं. मग प्लेटच्या वरच्या कडेवर ठेवा, प्लेट हाताने किंचित उचलून खेळ काढून घेत. आपल्याला जमिनीशी नव्हे, गाडीशी होणारा कोन हवा आहे. गाडीची शेपटी 2 अंश वर असेल आणि प्लेट आडव्या रेषेपासून 15 अंश खाली असेल तर खरा कोन 17 अंश. शेपटी 2 अंश खाली असेल आणि प्लेट 19 अंश 30 मिनिटं (60 मिनिटं म्हणजे एक अंश) दाखवत असेल तर खरा कोन 17 अंश 30 मिनिटं. शेपटी वर असेल तर मिळवा, खाली असेल तर वजा करा.

तुमच्या गाडीसाठी लक्ष्य तोच आकडा आहे: 17 अंश 30 मिनिटं, 50 मिनिटांचा फरक चालतो. इंटरनेटवर 20 अंश असाही आकडा सापडेल. तो ऑगस्ट 1966 नंतरच्या स्विंग ॲक्सल गाड्यांचा आहे. त्यांत बार बारीक होता आणि मागे जोडीला इक्वलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारा मदतीचा बार) दिला होता. तो आकडा या गाडीला लावला तर मागची बाजू नको तितकी उचलली जाईल.

दात्यांचं गणित

टॉर्शन बारच्या आतल्या टोकाला 40 दाते आहेत, बाहेरच्या टोकाला 44. आत एक दाता सरकवला की 9 अंश फरक पडतो, बाहेर एक दाता सरकवला की 8 अंश 10 मिनिटं. यातलं एकच टोक फिरवलं तर गाडी एका झटक्यात दोन-अडीच इंच वर किंवा खाली जाते, आणि ते कुणालाच नको असतं. म्हणून दोन्ही टोकं उलट दिशांना फिरवतात. आत एक दाता एका दिशेला, बाहेर एक दाता उलट दिशेला. शिल्लक राहतात 50 मिनिटं. प्लेटच्या लांबीच्या हिशोबाने त्यातून चाकाजवळ साधारण 5 ते 6 मिलिमीटर उंची बदलते. फोक्सवॅगनने ठेवलेली ही बारीक पायरी म्हणजे या सस्पेन्शनमधली खरी सुंदर गोष्ट आहे. तिच्यासाठी वेगळा एकही स्क्रू लागत नाही.

दिशा अशी लक्षात ठेवा: गाडी वर हवी तर प्लेटचं मागचं टोक खाली जायला हवं. बार आणि प्लेट एकत्र धरून आतले दाते सोडवा, प्लेटचं टोक खाली जाईल असा बार एक दाता फिरवून पुन्हा आत बसवा. मग फक्त प्लेट बारवरून काढून तिचं टोक वर येईल अशी एक दाता फिरवून बसवा. 9 अंश खाली, 8 अंश 10 मिनिटं वर. एकूण 50 मिनिटं खाली, आणि गाडी 5-6 मिलिमीटर वर.

समजा उजवीकडे 15 अंश आणि डावीकडे 16 अंश 40 मिनिटं मिळाले. उजवीकडे 2 अंश 30 मिनिटं कमी आहेत, म्हणजे तीन पायऱ्या: आत तीन दाते खाली, बाहेर तीन दाते वर. डावीकडे एकच पायरी. उजवी बाजू साधारण 17 मिलिमीटर उचलली जाईल, डावी 6. प्रत्येक हालचालीआधी प्लेटच्या कडेची रेघ हाउसिंगवर सुईने ओढून ठेवा आणि बारच्या टोकावर पांढरा ठिपका द्या. दाते मोजताना चूक होतेच, खूण असली की परत फिरता येतं.

बार पूर्ण बाहेर काढून पाहायचा असेल तर मागच्या मडगार्डचे पुढच्या बाजूचे चार-पाच बोल्ट काढून मडगार्ड बाहेर ओढून धरावं लागतं, नाहीतर बार त्याला अडतो. काढाच, असं माझं मत आहे. एवढं उघडल्यावर बार न पाहता परत बसवण्यात अर्थ नाही. त्यावर पहार टेकवू नका, पक्कड लावू नका, ग्राइंडर तर जवळही आणू नका. पिळाखाली राहणाऱ्या पोलादावरचा एक ओरखडाही पुढे तड्याची सुरुवात ठरतो. गंजाचा हलका थर कापडाने आणि बारीक सँडपेपरने लांबीच्या दिशेने काढा, रंग उडालेल्या जागी पातळ रंग द्या. नखाला लागतील असे खड्डे असतील तर तो बार टाकून द्या. टोकावर डावा-उजवा असं अक्षर कोरलेलं असतं. बार कारखान्यातच एका दिशेने पिळून तयार केलेले असतात, त्यांची अदलाबदल केली तर काही दिवसांत तुटू शकतात. बसवताना दोन्हीकडच्या दात्यांना लिथियम ग्रीस लावा. पुढच्या वेळी बार सुटेल की नाही हे त्या ग्रीसवर ठरतं.

परत जोडताना

बुशच्या रबराला ग्रीस किंवा तेल नको, ते रबर फुगवतं. टाल्कम पावडर भरपूर चोळा. बुशवर जर्मनमध्ये ‘ओबेन’ कोरलेलं असतं, म्हणजे ती बाजू वर. बुशचं भोक मध्यावर नसतं, म्हणून उलटा बसवलेला बुश प्लेट चुकीच्या जागी धरतो आणि सगळं गणित बिघडतं. आतला आणि बाहेरचा बुशही वेगळे आहेत, ते हाताशी ठेवून ओळखून घ्या.

आतला बुश, प्लेट, बाहेरचा बुश या क्रमाने चढवून झाकण लावा. नव्या रबरामुळे झाकण एक-दीड सेंटीमीटर बाहेर राहतं आणि मूळ बोल्ट पोचत नाहीत. समोरासमोरच्या दोन भोकांत त्याच आट्याचे लांब बोल्ट घालून झाकण ओढून घ्या. पण पूर्ण आवळण्याआधी जॅक आणि साखळीने प्लेट पुन्हा ओठाच्या वर उचला, आत ढकला आणि ओठावर टेकवा. हे विसरून झाकण पूर्ण आवळलं तर सगळं पुन्हा उघडायचं. मग उरलेल्या दोन भोकांत मूळ बोल्ट लावा, लांब बोल्ट एकेक करून बदला आणि चारही तिरक्या क्रमाने 35 न्यूटन-मीटरवर आवळा. ॲक्सल पुढे आणा, छिन्नीची रेघ जुळवा, बोल्ट 110 न्यूटन-मीटर.

शॉक बसवण्याआधी त्याच्यातली हवा काढा. ट्विन-ट्यूब शॉक आडवा पडून आला की हवा तेलाच्या बाजूला शिरते, आणि नवा शॉकही सुरुवातीला मोकळा लागतो. तो दांडा वर धरून उभा करा, पूर्ण दाबा, पूर्ण ओढा, असं पाच-सहा वेळा. मधली रिकामी जागा जाणवेनाशी झाली की तयार. मधल्या वेळात आडवा ठेवू नका. बोल्ट नुसते घालून ठेवा. गाडी चाकांवर उतरवून, ढकलून, बसवून झाल्यावरच 60 न्यूटन-मीटरवर आवळा. लोंबकळलेल्या ॲक्सलवर आवळले तर कडीतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

दुसरी बाजू तशीच करायची. एकाच बाजूचा बार फिरवून थांबू नका. निदान दुसऱ्या बाजूचा कोन मोजलेला तरी हवा, कारण डावा-उजवा फरक एका पायरीहून जास्त राहिला तर गाडी सरळ उभी राहिली तरी वळताना दोन बाजूंना वेगळी वागेल.

पुढची बाजू

पुढे काम कमी आहे. इथे पट्ट्यांच्या जुडग्याचे टॉर्शन बार आडव्या नळ्यांत असतात, मध्यावर स्क्रूने पकडलेले. कारखान्याच्या रचनेत उंची बदलायची सोयच नाही, आणि पुढचं सहसा बसतही नाही. पुढून गाडी खाली असेल तर दोनच गोष्टी शोधा: आधीच्या मालकाने बीम कापून बसवलेला ॲडजस्टर, नाहीतर तुटलेली पट्टी. पण पुढचं सस्पेन्शन कडक लागत असेल तर शॉकला दोष देण्याआधी बीमच्या चार निपलना ग्रीस भरा, पुढची चाकं अधांतरी ठेवून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. कोरडा पडलेला बीम चाकाला हलूच देत नाही.

शॉकची खालची कडी आर्मवरच्या पिनेवर गंजून चिकटलेली असते. हातोड्याने ठोकून काढायचा मोह आवरा, पिन वाकली तर आर्म गेला. नट काढून कडीची बाहेरची नळी ग्राइंडरने सावध कापा, रबर ओढून काढा, मग आतली बारीक नळी एका बाजूने चिरून उघडा. पिन स्वच्छ करून पातळ ग्रीस लावा आणि नवा शॉक चढवा. खालचा नट 30 ते 35 न्यूटन-मीटर. वरचा नट 20 पुरे; रबर थोडं फुगलेलं दिसेल इतपतच, जास्त आवळलं तर चिरतं. वरचा टॉवर वेल्डजवळ घासून स्वच्छ करून तडे पाहा.

गाडी खाली उतरल्यावर

पाच-दहा किलोमीटर हळू चालवा, एक-दोन गतिरोधक घ्या, मग त्याच फरशीवर, तितक्याच पेट्रोलवर मोजा. नवं रबर अजून थोडं दबतं, म्हणून पहिल्या दिवशी मागची बाजू तीन-चार मिलिमीटर वर राहिली तर घाई करू नका. 500 किलोमीटरनंतर पुन्हा मोजा आणि ॲक्सलचे बोल्ट पुन्हा तपासा. तेव्हाही एका बाजूला 6 मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर त्या बाजूला आणखी एक पायरी द्यावी लागेल.

व्हील अलाइनमेंटला नेताना सांगा की मागचाही टो पाहायचा आहे. बरीच दुकानं जुन्या गाडीचं फक्त पुढचंच करतात. मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, वेगळा फिरवता येत नाही, तो उंचीबरोबरच येतो. त्यामुळे तो डावी-उजवीकडे सारखा आला का, एवढंच पाहायचं. दोन्ही बाजूंचा कोन सारखा बसवूनही कॅम्बरमध्ये अंशाहून जास्त फरक आला तर ॲक्सल ट्यूब वाकलेली आहे किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग रबर बसलं आहे, आणि ते टॉर्शन बार फिरवून लपवायचं नाही. शेवटी हेडलाइट खाली-वर करून घ्या. मागची बाजू उचलली म्हणजे प्रकाश खाली पडणार.

आतल्या कडेने झिजलेला टायर मागे तसाच ठेवू नका. त्याच्या घरघरीवरून बेअरिंग गेल्याचा संशय येतो आणि नीट झालेलं सस्पेन्शन विनाकारण पुन्हा उघडलं जातं. दोन्ही मागचे टायर एकत्र बदला, आणि नव्या टायरवर हजार किलोमीटरनंतर आतल्या आणि बाहेरच्या खाचेची खोली मोजा.